वाटोबा

ओवीचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. ओवी माझी नात. नवरा पुण्याचा, श्रेयस नावाचा, चांगल्या पगाराचा, पण सायकलवर फिरणारा. मागणीच्या वेळी आमच्या सोयऱ्यांत यावर बरीच कुजबुज झाली होती. मोटार परवडत असून सायकल चालवतो म्हणजे डोक्यात काहीतरी कमी असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. एकट्या शेषरावांना मुलगा तेवढ्याचसाठी आवडला.

शेषराव म्हणजे माझे मालक. पन्नास-बावन्न वर्षांत मी तोंडानं त्यांचं नाव घेतलं नाही. साठीला आल्यावर ओवीच्या जुन्या पुस्तकांवरून लिहायला शिकले, आणि लिहायला बंदी आहे असं कोणी सांगितलं नाही. म्हणून लिहिते.

शेषरावांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. दहा पावलं चालले की आईबहीण काढायचे, गुडघ्यांचीच. पण सायकलवर बसवलं की माणूस बरा. बावीस इंची काळी सायकल, तिला घंटी नव्हती. ती उणीव शेषराव स्वतः तोंडानं भरून काढत. रोज सकाळी शेतात जायचे ते सायकलवर, आणि शेतात जायला एकच वाट, आमची पांदण.

पांदण म्हणजे दोन बाजूंच्या वावरांमधली वाट. बीबी गावाच्या बाजूनं आमच्या गावाला आलात की मारुतीच्या मागून निघते आणि लोणारच्या दिशेनं जाते. मोटार नाही, ट्रक नाही, फार तर बैलगाडी. सरकारनं तिच्यावर मुरूम टाकला होता. तेव्हा दोन बैलगाड्या एकमेकींना शिव्या न देता जायच्या एवढी रुंद होती. मग शेजारचा राजकुमार ट्रॅक्टर घेऊन आला. दर उन्हाळ्यात नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, पांदणीतून घ्यायचा. एकच. कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. बारा वर्षांत बारा तासं झाली आणि पांदणीची पायवाट झाली.

शेषरावांनी तलाठ्याला आणलं. त्यानं टेप लावला, चहा घेतला, टेप गुंडाळला. ग्रामपंचायतीत ठराव झाला आणि कपाटात गेला. राजकुमार सरपंचांचा भाचा होता.

"काऊन बे," शेषराव त्याला बांधावरून म्हणाले, "अजून एक तास घेतलं तर माहं हँडल बसत नाही. मी काय वावरात उडत जाऊ?"

"आबा, आता वय झालं तुमचं. घरी बसा, टीव्ही पाहा."

ते त्यांना फार लागलं. घरी येऊन जेवले नाहीत. घरी बसलेला म्हातारा किती दिवस टिकतो हे गावात आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

लग्नाचे पाहुणे गेले आणि आठ दिवसांनी पहाटे मला परसात खुडबुड ऐकू आली. शेषराव सायकलच्या कॅरिअरवर माझ्या फुटक्या जात्याची खालची तळी बांधत होते. हँडलला पिशवी, पिशवीत शेंदूर आणि तेलाची बाटली.

"हे कुठं नेता?"

"देव बसवून राह्यलो."

"जात्याचा?"

"मंग काय सोन्याचा बसवू? तू पण चाल. लिहिता येते ना तुले?"

चार फेऱ्या झाल्या. जात्याची तळी, गुरांना पाणी पाजायच्या फुटक्या दगडी डोणीचा तुकडा, अर्धा पाटा आणि एक नुसताच दगड. पांदणीची जुनी हद्द शेषरावांना तोंडपाठ होती. त्या हद्दीवर, म्हणजे राजकुमारच्या नांगरलेल्या रानात चांगली बारा तासं आत, त्यांनी चारी देव बसवले. शेंदूर असा फासला की जात्याला माझीच ओळख राहिली नाही. मग मला चुना दिला. जात्यावर मी अक्षरं काढली: वाटोबा. नाव मीच ठेवलं. देवाचं बारसं करायला मिळालेली बाई आमच्या गावात मी एकटीच.

दोन दिवसांनी राजकुमार नांगरायला आला. मी आमच्या रचलेल्या तुराट्यांआडून बघत होते. ट्रॅक्टर थांबला. तो उतरला, इकडे तिकडे पाहिलं, चपला काढल्या. शेंदूर लागलेल्या दगडाला आमच्याकडे कोणी हात लावत नाही, मग तो काल कुठं का होता. त्यानं चारी देवांना वळसा घातला आणि भीतीपोटी वर दोन तासं जास्तीची सोडली. शेषरावांनी घंटी नसलेल्या सायकलवर त्या दिवशी तोंडानं बँड वाजवला.

संध्याकाळी राजकुमारची आई पुष्पाबाई नारळ घेऊन गेली. तिची म्हैस विताना अडली होती. तिनं वाटोबाला नवस बोलला आणि म्हैस सुटली. झालं. पोळ्यापर्यंत वाटोबाला झेंडा आला.

दिवाळीला ओवी आणि श्रेयस आले, सोबत त्यांची अनुपमा नावाची मैत्रीण. ती जुन्या देवळांचा अभ्यास करायची. श्रेयसच्या आणि तिच्या सायकलींची चाकं माझ्या मनगटाएवढी जाड. म्हणे मुरमाच्या, मोटारी नसलेल्या वाटांनी जुनी ठिकाणं बघत लोणारपर्यंत जायचं.

"आजोबा," श्रेयस म्हणाला, "इटलीत रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी बांधलेल्या वाटा आहेत. अजून लोक त्यांच्यावरून सायकली चालवतात."

शेषराव विचारात पडले. "दोन हजार वर्षं? आणि बाजूच्यानं एक पण तास नाही घेतलं?"

"असं काही वाचलं नाही."

"मंग त्या रोमनाहिनं कोणता देव बसवला होता, ते इचार."

दुसऱ्या दिवशी सगळे पांदणीनं निघाले. मीही मागून चालत गेले. वाटोबापाशी पुष्पाबाई उदबत्ती लावत होती, राजकुमार जवळच उभा. अनुपमा सायकलवरून उतरली, वाकली, नीट पाहिलं.

"हे तर जातं आहे," ती म्हणाली. "हे बघा, मधे खुंट्याचं भोक."

  राजकुमार जवळ आला, भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लहानपणी तो आमच्याच ओसरीवर त्या जात्याला टेकून भाकर खायचा.

"आबा! हे तुमच्या घरचं जातं हाय!"

शेषराव सायकलवरच, एक पाय जमिनीला टेकवून. 

"हाव," ते म्हणाले. "जातंच हाय. काढ."

राजकुमार पुढं झाला. वाकला. दोन्ही हात जात्याच्या बाजूला नेले आणि तिथंच राहिला. शेंदराला बोट लागेना.

"काढ ना बे. तुले तर माहीत हाय जातं हाय."

"हात लावशीन तर पाहाजो," पुष्पाबाई किंचाळली. "म्हैस काय तुह्या बापानं सोडवली?"

"अवं माय, फसवलं ना यानं आपल्याले!"

"त्यानं फसवलं असंन. देवानं नाही फसवलं."

राजकुमारनं हात मागं घेतले, पँटला पुसले, आणि पुसल्यावर चुकून कपाळाला लावले. शेषरावांनी पायडल मारलं आणि त्याच्या बाजूनं जाताना म्हणाले, "टीव्ही पाहाले जाजो."

परतल्यावर अनुपमा हात धुवायला परसात आली आणि माझ्या धुण्याच्या दगडापाशी बसूनच राहिली. खालच्या अंगाला कमळ कोरलेलं होतं. म्हणाली, हा देवळाच्या खांबाचा भाग असावा, सात-आठशे वर्षांचा तरी.

"चाळीस वर्षं लुगडी आपटते मी यावर," मी म्हटलं.

"याले शेंदूर लावू नको बरं," शेषराव आतून ओरडले. "मंग धुणं कुठं आपटशीन?"

पुढं सव्वा वर्ष ते रोज सकाळी सायकलवर शेतात गेले. शेवटच्या दिवशीही गेले, हरभरा उपटून घेतला, आणि विहिरीपाशी सायकल टेकवून बसले ते उठले नाहीत. त्यांना आमच्याच वावरात अग्नी दिला. तिरडी पांदणीतून नेली. पुढच्या दोघांत राजकुमार होता, आणि खांदेकरी दोघं दोघं शेजारी चालूनही दोन्ही अंगांना जागा उरत होती. जात्यापाशी त्यानं खांदा न बदलता चपला काढल्या.

माझे मालक शेषराव बुधवारी, १२ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी वारले.