गळक्या धुराड्याखालची बादली

मी पत्र्याची बादली बोलतेय. खरं म्हणजे हे मी कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं होतं. तशी शपथच घातली होती मला, तीही माझ्या कडीवर हात ठेवून. पण सात वर्षं पाणी साठवता साठवता माझ्यात इतर गोष्टीही साठल्या, आणि आता त्या काठापर्यंत आल्या आहेत.

माझा जन्म कारखान्यातला. त्यातली फक्त ठोकाठोक आठवते. पुढे एका दुकानाच्या दाराशी मी पाच बहिणींबरोबर टांगलेली होते. एके दिवशी तिथे परदेशातून आलेलं एक कुटुंब शिरलं. नवरा, बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. नोकरीमुळे ते शहरात राहत, आणि सुट्ट्यांसाठी त्यांनी या खेड्यात एक जुनं दगडी घर घेतलं होतं. घर बघायला आले तेव्हा लख्ख ऊन होतं. राहायला आले त्या दिवशी पाऊस.

"अहो, पडद्यांचं नंतर बघू, आधी बादली घ्या," मालकीणबाई म्हणाल्या.

झालं. माझी नेमणूक वरच्या खोलीत झाली, धुराड्याला खेटून. धुराडं जिथून छपराबाहेर जातं, तिथल्या कौलांमधून थेंब यायचा. तो झेलायचा, एवढंच माझं काम.

माणसं मोठी गमतीची असतात. सुट्टी लागली की ही तिघं यायची आणि दार उघडताच तीन दिशांना पांगायची. मालकीणबाई प्रत्येक कपाटात नाक घालून "ओल आलीच!" म्हणायच्या. मालक सगळे नळ सोडून बघायचे. मुलगी मात्र जिना चढून थेट माझ्याकडे यायची. चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नसे, पण माझ्याशी भरपूर बोलायची. घर बंद असलं की शेजारचा म्हातारा गवंडी किल्लीने आत येऊन मला रिकामी करायचा. पुटपुटत, पण न चुकता.

मालकांना आणि मालकीणबाईंना गावची भाषा 'नमस्कार' आणि 'धन्यवाद' यापलीकडे येत नव्हती. मुलगी ती शाळेत शिकली होती. त्यामुळे घरात कुणी आलं की दुभाषी तीच.

पहिल्याच उन्हाळ्यात मालकांनी स्वतः छपरावर चढून धुराड्याभोवती सिमेंट लावलं. उतरले तेव्हा नाकाला सिमेंट, मान उन्हाने लाल, आणि चेहरा असा की जणू राजवाडा बांधलाय. गवंडी कुंपणापलीकडून बघत होता. तो मुलीला म्हणाला, "सांग तुझ्या बापाला, हे काढून टाक म्हणावं. जुनं घर थंडी-उन्हात थोडं हलतं. चुना त्याच्याबरोबर हलतो, सिमेंट तडकतं. चुना लाव, नाहीतर बस जन्मभर बादल्या उपसत!"

मुलीने बाबांच्या नाकाकडे पाहिलं.

"काय म्हणतात गं?"

"म्हणतात... छान झालंय, बाबा."

मालक खुलले. दोन्ही हात जोडून "धन्यवाद! धन्यवाद!" म्हणाले. गवंड्याने कपाळावर हात मारला आणि आत निघून गेला. न बोलावता दुसऱ्याच्या छपरावर चढायचं नाही, हा त्याचा नियम होता.

त्या संध्याकाळी मुलीने हे सगळं मला सांगितलं आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली.

मग दर उन्हाळ्यात मालक सिमेंटचा आणखी एक थर चढवत, दर हिवाळ्यात तो तडके, आणि मी भरत राही. गवंड्याला वाटे, हा माणूस हट्टी आहे. मालकांना वाटे, जुन्या घरांचं हे असंच असतं. दोघंही कुंपणावरून एकमेकांकडे बघून हसायचे. मुलगी उंच झाली, चष्मा लागला, पण मला उचलताना तिची नजर खालीच असे.

यंदा मालकांची बदली दुसऱ्या देशात झाली. घर विकायला काढलं, पण दोन महिने कुणी फिरकलं नाही. शेवटी एक नर्स आणि तिचा बसड्रायव्हर नवरा घर बघायला आले. तिला सातवा महिना होता.

त्या सकाळी मालकांनी मला कपाटात ठेवलं. "दोन तास गप्प बस हं," असं माझ्याशी बोललेसुद्धा. सात वर्षांत पहिल्यांदाच!

नर्सला वरची खोली फार आवडली. धुराड्याच्या उबदार भिंतीवर हात ठेवून ती म्हणाली, "पाळणा इथेच ठेवू." मग सहज विचारलं, "गळत नाही ना?"

मुलीने ते बाबांना सांगितलं. मालक घसा खाकरून म्हणाले, "सांग, जुनं घर आहे, थोडंफार चालायचंच."

मुलीने कपाट उघडलं, मला बाहेर काढलं आणि धुराड्याशेजारी माझ्या नेहमीच्या जागी ठेवलं. नर्सला म्हणाली, "इथे गळतं. पाळणा नका ठेवू." मग बाबांकडे वळून गवंड्याचं सात वर्षांपूर्वीचं बोलणं तिने शब्दन् शब्द सांगून टाकलं, बादल्या उपसण्यासकट.

मालक खाली बसले. "म्हणजे तो मला झापत होता, आणि मी त्याला धन्यवाद म्हणत होतो?"

"हात जोडून," मालकीणबाई म्हणाल्या आणि तोंडाला पदर नसल्यामुळे हाताने हसू दाबू लागल्या.

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तुमच्या नाकाला सिमेंट लागलं होतं, बाबा," ती रडत म्हणाली. "तुम्ही खूप खूश होता."

मालकांनी तिला जवळ ओढून घेतलं. नर्स नवऱ्याशी कुजबुजली आणि म्हणाली, "बाळ यायच्या आत दुरुस्त करून द्या. घर आम्हीच घेऊ."

गवंड्याला रीतसर बोलावणं गेलं. गेला आठवडाभर तो छपरावर आहे, आणि मालक त्याच्या हाताखाली. सिमेंट फोडून काढलंय. तो काय वाट्टेल ते बोलतो, मुलगी खालून जसंच्या तसं सांगते, आणि मालक मुकाट ऐकतात. मी आता थेंब झेलत नाही, दोराने चुना वर पोहोचवते. उद्या ते जातील. मी इथेच राहणार, नर्सने मला मागून घेतलंय. जाण्याआधी मुलीला मला एवढंच सांगायचंय की पोरी, तुझ्या त्या एका खोट्याचा मला कधी राग आला नाही, कारण त्याच्यामुळेच तर तू दर सुट्टीत जिना चढून—

"ए, बादली कुठे राहिली? वर पाठवा, चुना संपला!"

आले हो, आले! तर पोरी, मी म्हणत होते, तू जिथे जाशील तिथे असंच जसंच्या तसं सांगत जा.