चहाच्या चोथ्यातली काळी भुकटी

मी चिमूटभर काळी भुकटी बोलतेय. रंगावर जाऊ नका, गुण बघा. माझा एकेक कण इतका बारीक, की शेजारी केस ठेवला तर तो ओंडका वाटावा.

माझं माहेर प्रयोगशाळेतल्या चहाच्या पातेल्यात. सगळ्यांचा चहा पिऊन झाल्यावर उरलेला चोथा ताईने उकळला, गाळला आणि त्या अर्कात लोखंडाचे क्षार सोडले. पाणी काळंकुट्ट झालं आणि मी जन्मले. लोखंडाचीच लेक मी, चुंबक दिसला की धावत सुटते.

ताई इथली संशोधक. तिच्या आईच्या गल्लीतली विहीर रंगकारखान्याच्या सांडपाण्याने गुलाबी झाली होती. ते पाणी स्वच्छ करायचंच, हा ताईचा ध्यास. पण प्रयोग दोनदा फसला होता. आज रंग शोषणारी भुकटी मिळाली नाही तर हे काम बंद, असं प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी बजावलं होतं.

ढवळायला ताईने नेहमीचीच कांडी टाकली, पोटात चुंबक असलेली. आता यात माझा काय दोष? मी सगळीच्या सगळी जाऊन तिला बिलगले. ताईने द्रावण गाळलं तर हाती काहीच नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. कांडी धुवायच्या भांड्यांत टाकून ती सरांकडे जायला आवराआवर करू लागली.

भांडी धुणाऱ्या मावशींनी मला घासघासून हात टेकले.

"ताई, या कांडीला दाढी कुठून आली?" त्यांनी विचारलं. "परवाही अशीच होती, त्याआधीही एकदा. अर्धा तास घासली, तेव्हा कुठे निघाली."

ताई जागच्या जागी थांबली. म्हणजे दोन्ही वेळा मी झाले होते आणि मावशींच्या मेहनतीने मोरीत गेले होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा. ताईने मावशींना साबणासकट मिठी मारली.

सरांसमोर तिने मला विहिरीच्या पाण्यात सोडलं. मी पाण्यातला रंग स्वतःला चिकटवून घेतला, तिने ग्लासाला बाहेरून चुंबक लावला, मी कडेला गोळा झाले. सरांनी ग्लास उजेडात धरून नितळ पाणी पाहिलं. काम चालू ठेव म्हणाले, आणि ढवळायला काचेची कांडी घे.

आता मी विहिरीजवळच्या टाकीत काम करते, चुंबकाला धरून बाहेर येते, धुतली की पुन्हा कामाला. एकच मागणं आहे, मला पाण्यात विसरून जाऊ नका, नाहीतर मीच तिथली घाण होईन.

काल ताईच्या आईने टाकीच्या पाण्यात पांढरी चादर धुतली. उन्हात धरून उलटीपालटी करून पाहिली. पांढरीच होती. मग त्या घरात गेल्या आणि इतकी वर्षं कपाटात जपून ठेवलेले सगळे पांढरे कपडे घेऊन आल्या.