न मोजलेले एकोणीस

ग्रंथालयाच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर हृदयाचा सर्जन रुरिक सांडेलिन निळसर पाण्याची बाटली उंचावून बोलत होता.

"बायपाससाठी पायातून काढलेली शीर यात अर्धा तास ठेवली, की ती म्हातारी व्हायचं विसरते! वर्षानं एकसष्ट जण तपासले. शीर बंद किती? शून्य! आणि इतर पद्धतींत? निम्म्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. एका आजोबांनी तर बाटलीला हात लावून घेतला.

मागच्या रांगेत गुनवोर ट्रानबेरी गार झालेली कॉफी धरून बसली होती. रुरिकच्याच इस्पितळातल्या संशोधनाच्या नोंदी ठेवणारी ही परिचारिका. तीस वर्षांत असे पाच चमत्कार पाहून झाले होते. सहाव्यावर चिडायचंही त्राण नव्हतं. पण सोमवारपासून प्रत्येक शीर त्या पाण्यात बुडणार होती. आजूबाजूच्या चरबीसकट, न ताणता शीर काढण्याची किचकट पण आशा दाखवणारी रीत बंद होणार होती. ती उठली.

"रुरिक, ऑपरेशनं ऐंशी केलीस ना?"

"हो. एकोणीस तपासणीला फिरकलेच नाहीत. माणसं आळशी असतात, गुनवोर."

"मी तीन आठवडे त्यांच्या घरी फोन केले. सात वारले. आठ जणांच्या छातीत पुन्हा दुखायला लागलं, ते दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांकडे गेले. चौघे बरे आहेत. आणि इतर पद्धतीवाल्यांना तू छातीत दुखलं तरच तपासायला बोलावलंस."

पुढच्या रांगेतून म्हातारी आल्फहिल्ड वळली. "त्या सातांत माझा नवरा हालवार आहे?"

"आहे."

आल्फहिल्ड पुन्हा रुरिककडे वळली. "मेलेल्याला आळशी म्हणतोस होय रे?"

रुरिकने बाटली खाली ठेवली. "मी खोटं बोललो नाही."

"नाही बोललास. इकडे धडधाकट तेवढे मोजलेस, तिकडे दुखणाईत तेवढे," गुनवोर म्हणाली आणि मटकन खाली बसली.

मग नव्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून रुग्ण दोन गटांत वाटले गेले; एका गटाची शीर निळ्या पाण्यात, दुसऱ्याची साध्या मिठाच्या पाण्यात. प्रत्येकाची तपासणी झाली. न येणाऱ्याच्या दारात गुनवोर स्वतः गेली. दोन वर्षांनी निकाल लागला : निळं पाणी आणि साधं मिठाचं पाणी, फरक काही नाही. तो ऐकायला अकरा माणसं आली.

तिने त्या अकरांनाच सांगितलं, "दहापैकी दहा बरे केले असं कुणी म्हणालं, तर टाळी वाजवण्याआधी अकराव्याची चौकशी करा. तो सापडेपर्यंत विश्वास ठेवू नका."