जावईबापूंची गुळतुला

सर्जेराव इतके सडपातळ, की वाळूजच्या कंपनीतून निघताना वारा सुटला तर स्कूटीच्या डिकीत दोन विटा टाकूनच घरी येत. अशा माणसाच्या लिव्हरवर चरबी निघाली!

"माझ्यात चरबी?" सर्जेरावांनी सोनोग्राफीचा फोटो उलटा धरून पाहिला. "दुसऱ्या कुणाचा असंल, डॉक्टरसाहेब."

"तुमचाच आहे. गोड चहा, बिस्किटं, फरसाण, कोल्ड्रिंक बंद. पण उपाशी राहायचं नाही. चरबी उतरली पाहिजे, वजन नाही."

घरी पैठणहून सासूबाई, आशाबाई, आल्या होत्या. गेल्या वर्षी जावई तापानं फणफणला तेव्हा आशाबाईंनी खंडोबाला नवस बोलला होता: उठून बसू दे, त्याच्या वजनाएवढा गूळ वाटीन. यंदाच्या चंपाषष्ठीला गुळतुला ठरलेली. डॉक्टरांचं ऐकताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"चरबी गेली म्हंजी वजन गेलं! देवाला मापात मारायचं व्हय? तुला होईस्तोवर राहू द्या ती चरबी, जावईबापू!"

"आई, तुला जावई पाहिजे का गूळ?" सर्जेरावांच्या बायकोनं, मुक्ताबाईनं विचारलं.

"दोन्ही!"

झालं. सर्जेराव दोघींच्या मधी सापडले. मुक्ताबाई ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, उकडलेली अंडी, जवसाची चटणी वाढी. आशाबाई डब्याच्या तळाशी गुपचूप इमरती दडवीत. सर्जेराव ती कंपनीत बसनं येणाऱ्या मंडळींना वाटून टाकत. महिन्याभरात त्यांची बस इतकी जड झाली, की उड्डाणपुलावर चढताना ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरवून ढकलायला लावी.

मधी एकदा सर्जेरावांचं वजन किलोभर घटलं. आशाबाईंनी गळा काढला. मुक्ताबाईनं जेवणात एक भाकरी वाढवली, वर मूठभर शेंगदाणे. काटा परत जागेवर!

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. चरबी बरीच उतरली होती. सर्जेरावांना तिथंच नाचावंसं वाटलं, पण उद्याचा तराजू डोळ्यांपुढं आला.

देवळापुढं गर्दी. सर्जेराव पारड्यात मांडी घालून बसले. मेहुण्यानं, बद्रीनाथनं, नवसाच्या वेळच्या वजनाएवढ्या ढेपी दुसऱ्या पारड्यात रचल्या. आशाबाईंनी डोळे गच्च मिटले.

सर्जेरावांचं पारडं जमिनीवरून हलेना.

"आई, डोळे उघड! गूळ कमी पडला!" बद्रीनाथ ओरडला.

"खातो काय हा माणूस?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"उसळ!" मुक्ताबाई ऐटीत म्हणाली.

बद्रीनाथ धापा टाकत बाजारातून आणखी एक ढेप घेऊन आला, तेव्हा कुठं पारडी समसमान झाली. भंडारा उधळला, येळकोट झाला. आता देवसुद्धा खूश असंल, असं वाटून सर्जेरावांनी हळूच गुळाच्या खड्याला हात घातला.

चटकन हातावर चापटी बसली. आशाबाई!

"खबरदार, जावईबापू! एवढ्या मेहनतीनं घालवलेली चरबी परत बोलावता का? गूळ गाव खाईल. तुम्ही भरीत-रोडगा खा." आणि लेकीकडं वळून म्हणाल्या, "मुक्ते, वाढ गं अजून एक. पोरगं वाळलंय."