बोटभरचा ब्रेक

डेपोत त्याला सगळे 'बोटभर' म्हणत. फलाटाच्या टोकाला गाडी थांबवण्याची पिवळी खूण असते. तिच्यापासून गाडी बोटभरही पुढेमागे उभी राहू द्यायची नाही, हा त्याचा एकोणीस वर्षांचा नेम. हे नाव लोकांनी ठेवलं असं तो सांगे. खरं तर कँटीनमध्ये ते पहिल्यांदा त्यानेच सुचवलं होतं, आणि हे त्याला चांगलं आठवत होतं.

त्यामुळे नव्या मेट्रोचे तीन नमुने आले आणि निवडीसाठी नेमलेल्या तिघा चालकांत त्याचंही नाव लागलं, तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. फार उशीर केला, एवढंच वाटलं. पहिल्या नमुन्यात ब्रेकचा दांडा चालकाच्या हातात. दुसऱ्यात चालकाने दारं लावायची आणि पुढे बघायचं, गाडी थांबवणार संगणक. तिसऱ्यात चालकाची केबिनच नाही. तिथे भलीमोठी काच आणि प्रवाशांसाठी बाक. तिसरा त्याने आत पाऊल न टाकताच नापास केला.

उरले दोन. बाकीच्या चालकांपैकी एक पहिल्याच्या बाजूचा, एक दुसऱ्याच्या. म्हणजे दांडा राहणार की जाणार, हे आता बोटभरच्या मतावर येऊन ठेपलं. दांडा गेला तर आपण हातात धरायचं काय, असं दांड्याच्या बाजूचा चालक त्याला सकाळपासून विचारत होता. बोटभर मनाशी वेगळंच विचारत होता. संगणकाला गाडी थांबवता येते हे एकदा कबूल केलं, की मग एकोणीस वर्षं आपण काय केलं?

चाचणीला प्रवासी हवेत म्हणून नमुन्यांचं काम पाहणाऱ्या इंजिनीअरबाईंनी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाच बोलावलं होतं. बोटभरची बायको शिवणाच्या दुकानात कामाला. अर्धा दिवस रजा टाकून तीही आली. प्रत्येकाच्या हातात गुण द्यायचा कागद होता.

पहिली फेरी पहिल्या नमुन्याची, आणि दांडा बोटभरच्या हातात. चार स्टेशनं, आणि चारही ठिकाणी गाडी खुणेला चिकटून उभी. फूटपट्टी मागवली नाही, हाच काय तो त्याचा विनय. मग कौतुक गोळा करायला तो डब्यात गेला.

तिथे कुणी कौतुकाच्या तयारीत नव्हतं. गाडी थांबून मिनिट झालं तरी माणसं दोन्ही हातांनी खांब धरून होती. एक आजोबा वाकून बाकाखाली चष्मा शोधत होते. त्याने बायकोच्या कागदात डोकावलं. 'थांबताना' या शब्दापुढे दहापैकी तीन.

"तीन?"

"त्यातला एक घरचा म्हणून दिलाय," ती हळूच म्हणाली.

मग थोडं थोडं करत तिने सगळं सांगितलं. ती रोज सकाळी जाते त्या गाडीत बायकांना दुसऱ्या स्टेशनापर्यंतच कळतं, आज केबिनमध्ये कोण आहे ते. "आज ते आहेत, धरा गं," असं कुणीतरी म्हणतं आणि सगळ्या जणी खांबाला बिलगतात. तीही बिलगते. ते आपले यजमान आहेत, हे कामाला लागल्यापासूनच्या अकरा वर्षांत तिने एकीलाही सांगितलेलं नाही.

"आणि मला?" त्याने विचारलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही घरी येऊन किती आनंदाने सांगायचात, आज बोटभरही चुकलो नाही म्हणून. मग मी काय सांगू?"

बोटभरला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. खूण गाठायची म्हणून शेवटच्या दोन हातांच्या अंतरावर तो दांडा करकचून ओढायचा. स्वतः मात्र खुर्चीत बसलेला असायचा, आणि झटका कधी येणार हे उभ्या दुनियेत त्याला एकट्यालाच आधी ठाऊक असायचं.

दुसऱ्या नमुन्याच्या फेरीत तो बायकोशेजारी उभा राहिला. पहिल्याच स्टेशनात गाडी खुणेच्या चांगली वीतभर अलीकडे थांबली. "चुकली," तो सवयीने पुटपुटला. कुणी ऐकलंसुद्धा नाही. बायकोने खांब केव्हाच सोडला होता आणि दोन्ही हात वर करून ती केस बांधत होती. गाडी थांबतानाही ती तशीच बांधत राहिली.

त्याने मत दुसऱ्या नमुन्याला दिलं. कारणाच्या रकान्यात आधी 'सुरक्षितता' असं भारदस्त लिहिलं, मग खोडलं आणि लिहिलं: 'पहिल्यात मी लोकांना पाडतो.' इंजिनीअरबाईंनी ते दोनदा वाचलं. दांड्याच्या बाजूचा चालक त्याच्याकडे पाठ फिरवून निघून गेला.

परतताना दोघं नेहमीच्या गाडीने निघाली. गर्दीत एक ओळखीची बाई बायकोला भेटली. पुढच्या स्टेशनात गाडी असा हिसडा देऊन थांबली, की तिघंही एकमेकांवर आदळली. बोटभर खांबावरही आपटला.

"ते आहेत वाटतं आज," बाई कपाळाला आठ्या घालत म्हणाली.

"नाही," बायको म्हणाली, आणि तिने त्याच्या दंडाला धरलं. "ते हे इथे उभे आहेत. माझे मिस्टर."

बाईने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि तरी इतकं बरं त्याला एकोणीस वर्षांत कुठल्याच खुणेवर वाटलं नव्हतं.