अर्धा कोयता

रंगनाथ मुकादमानं चांगुणाचा कोयता ओळीतून उचलला आणि मारुतीच्या पारावर बाजूला टाकला.

"अर्धा कोयता मला परवडत न्हाई. नवऱ्याकडं जा, जोडीनं ये, मंग बघू."

दसरा होता. पाथर्डीकडच्या त्या वाडीची टोळी आठवड्यानं ऊसतोडीला निघणार, म्हणून कोयत्यांची पूजा मांडली होती. जोडीमागं एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. नवरा ऊस तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणार आणि नाव लागणार नवऱ्याचं. चांगुणाच्या नवऱ्यानं तिचा हात मोडला होता, म्हणून ती माहेरी येऊन राहिली होती, हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी.

तिचा भाऊ वाल्मिक ताडकन उठला. शहरात, सावेडीत खोली घेऊन तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा. सणापुरता आला होता. सकाळीच त्यानं मोबाईलवर परीक्षेचा अर्ज भरला होता. वडिलांचा व्यवसाय, ऊसतोड मजूर. आईचा व्यवसाय, गृहिणी. मग रेंज गेली आणि अर्ज पाठवायचा राहिला.

"कुनीच बोलनार न्हाई का?" तो ओरडला. "मेंढरं हाईत सगळी! यानं हाकायचं आन् तुमी चालायचं!"

त्याचे वडील भिमाजी गुडघ्यात डोकं घालून बसले होते. वाल्मिकला या माणसांची चीड आली आणि आपण यांच्यातलेच याची लाजही वाटली.

तेवढ्यात त्याची आई लंकाबाई पुढं आली. कोयते धुवायला सगळ्याच बायांनी डोक्यावरून पाण्याच्या घागरी आणल्या होत्या, तिनं आपली खाली ठेवली. मग डोक्यावरची चुंबळ काढली, जुन्या लुगड्याची, झिजून काळी पडलेली, आणि लेकीच्या कोयत्याशेजारी ठेवली.

"ह्ये काय गं?" मुकादम म्हणाला.

"मी बी अर्धीच हाय की, रंगनाथभाऊ. मलाबी बाजूला काढ."

"येडेपना करू नको. भिमाजी, समजाव हिला."

भिमाजींनी सावकाश डोकं वर केलं.

"मोळ्या ती उचलती. मी काय समजावू?"

गोजरबाई म्हातारी कण्हत उठली आणि तिनंही आपली चुंबळ तिथं टाकली. झुंबरबाईचा पदर नवऱ्यानं धरला. तिनं तो हिसकावून घेतला. बघता बघता पारावर चुंबळींचा ढीग झाला.

"आता भर गाडी नुसत्या कोयत्यांनी," गोजरबाई म्हणाली. बाया खदखदून हसल्या.

मुकादम ढिगापाशी आला. मग वाकला, चांगुणाचा कोयता उचलून ओळीत ठेवला.

"हळद लाव त्याला," लंकाबाई म्हणाली.

त्यानं लावली.

"आन् तू का रं उभा?" ती लेकाकडं वळली. "मेंढरं म्हनून झालं आसंल, तर नारळ फोड."

वाल्मिकनं नारळ फोडला. खोबरं वाटताना आईच्या डोळ्याला डोळा द्यायचं त्यानं टाळलं. मग पाराच्या कडेला बसून मोबाईल काढला. रेंज आली होती. सकाळचा अर्ज तसाच उघडा होता.

आईपुढचा 'गृहिणी' हा शब्द त्यानं पुसला, 'ऊसतोड मजूर' लिहिलं आणि अर्ज पाठवून दिला.