कोल्हापूर ते बेळगाव

पप्पांच्या शवपेटीखाली साचलेलं बर्फाचं पाणी एल्साने फडक्याने टिपलं, फडकं बादलीत पिळलं आणि ओल्या हातानेच भावाचा फोन घेतला.

"सकाळचं विमान रद्द झालं," शेन म्हणाला. "कोल्हापूरहून आज दुसरं नाही. बेळगावहून पावणेदोनला आहे, पण तो विमानतळ इथून साडेतीन तास. दहा तर वाजलेत. नाही जमणार."

मुंबईजवळच्या उत्तनमधल्या त्या घरात कालपासून सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. गेलेल्या निकोलसचा मुलगा शेन सहा वर्षांनी घरी येणार, तर पेटीचं झाकण कधी लावायचं? फादरनी चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा चारला ठरवली होती. मुलासाठी सहापर्यंत थांबायची त्यांची तयारी होती.

"तू नीट बघून सांग," मार्सेलिन लेकीला म्हणाली. "तुजं चुकायचं न्हाय."

एल्सा शाळेत विज्ञान शिकवायची. मागच्या पडवीत जाऊन तिने कागदावर मांडलं. दोन विमानतळांमधलं अंतर एकशे पंधरा किलोमीटर, बहुतेक हायवे. चहाला थांबला तरी अडीच तास. साडेबाराला बेळगाव, तीनला मुंबई, पाचपर्यंत उत्तन. तिने पुन्हा मांडलं. उत्तर तेच आलं. मग तिने फोन लावला.

"शेन, आत्ता निघालास तर तासभर आधी पोचतोस."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तो घरीच होता.

"मी गेलो होतो गं विमानतळावर," तो म्हणाला. "बॅग घेऊन. बोर्डावर रद्द वाचलं आणि सुटल्यासारखं वाटलं. मी मेलो तरी तोंड बघायला येऊ नको, असं म्हणाले होते पप्पा."

"माणूस रागात बोलतो."

"राग उतरायला सहा वर्षं होती की त्यांना. ते बोलले तेव्हा मम्मी समोर होती. विचार तिला."

एल्साने विचारलं नाही. कागदाची घडी घातली, आणखी एक घातली आणि ती आत आली. मोजलेला आकडा तिने आजवर कधी बदलला नव्हता.

"साडेतीन तास लागतात," ती म्हणाली. "रस्त्याचं काम चालू आहे. नाही पोचणार."

दारात बसलेले जॉयकाका, निकोलसचे धाकटे भाऊ, वळले.

"साडेतीन? अगो बाय, वीस वर्सं सुक्या बोंबलांचा टेम्पो नेलाय मी त्या रस्त्याने. दोन तासांत बेलगाव. शालेत पोरांना हेच शिकवते काय?"

बसलेली माणसं एल्साकडे बघू लागली. ती फडकं घेऊन पुन्हा पाणी टिपू लागली.

मार्सेलिनने नवऱ्याच्या कॉलरची दुमडलेली कड सरळ केली.

"तुजा टेम्पो राती जायचा, जॉय," ती मान वर न करता म्हणाली. "दिवसा साडेतीनच लागतात."

"पण वहिनी..."

"फादरना सांग, चारचीच मिस्सा. मानसं ताटकलत ठेवू नको."

जॉयकाका चपला शोधायला उठले. ते अंगणाबाहेर गेल्यावर मार्सेलिनने लेकीला जवळ बोलावलं.

"त्याला फोन लाव," ती हळूच म्हणाली. "जेवून घे म्हनावं."